वाफ धरायची का

मॅनी फुर्ताडोने फेब्रुवारीतच विचारलं होतं, डोकी किती.
दारात गुडघाभर बर्फ. मी फोनवर म्हटलं, साठ.
मग म्हटलं, सत्तर धर,
आमच्यात बोलावणं एकाला जातं
आणि गाडीतून पाच उतरतात.
तो म्हणाला, बाई, लॉबस्टर मोजून आणतो आम्ही.

ह्यांची पंचाहत्तरी. ऑगस्टचा पहिला शनिवार,
फेअरहेवनला, खाडीला लागून असलेलं आमचं मागचं अंगण.
भरती-ओहोटीचं वेळापत्रक मॅनीने दोनदा पाहिलं.
पंचांग कुणीच पाहिलं नाही.

जूनमध्ये नीलांबरीचा न्यू जर्सीहून फोन:
वहिनी, श्रावण लागलेला असेल हो.
मग आठ दिवस नुसते फोन.
अधिक आहे, अधिक धरत नाहीत.
उलट अधिक दुपटीने धरतात.
आमच्याकडे शनिवारी एरवीही नसतं.
दांडेकरांनी कळवलं, येऊ नक्की,
पण पाणी पिऊन जाऊ.

मॅनीला म्हटलं, एकवीस जण मासे खाणार नाहीत.
आजारी आहेत?
नाही. महिना आहे.
तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला,
माझी आई ईस्टरआधी चाळीस दिवस मटणाला शिवायची नाही.
कणसं वाढवतो.

त्या दिवशी सहाला ट्रक आला.
खड्डा, ओकची लाकडं, नारळाएवढे गोटे.
गोटे तापून राखेच्या रंगाचे झाले
तेव्हा त्यांवर ओलं समुद्रशेवाळ ओतलं, पोतीच्या पोती,
त्याच्या फोडांचा तडतड आवाज,
वर तिसऱ्या, लॉबस्टर, बटाटे, कणसं,
आणि सगळ्यावर भिजवलेली ताडपत्री.
तिसऱ्या आपल्या नव्हेत, थोराड, नाकाड्या,
पण चुलत बहीण ओळखावी तशा ओळखल्या मी.

मला कशाला हात लावू देईनात.
पँटीला खोचायला पदर नव्हता
तरी हात सारखा कमरेशी जात होता.
सत्तर माणसं दारात आणि यजमानीण रिकामी,
असं माझ्या हयातीत झालं नव्हतं.

तीनच्या सुमारास रघुवीर भावजी आले, हार्टफर्डहून.
अकरा वर्षांनी. दुकानाच्या पैशांवरून तुटलं होतं,
कुणी किती दिले हे आता दोघांनाही नीट आठवत नाही.
गाडीजवळच उभे राहिले, हातात किल्ली तशीच.

ताडपत्री उचलली.
खाडी अंगणात आल्यासारखा वास.
वितळलेल्या लोण्याच्या वाट्या फिरल्या,
सुलभाताईंनी पर्समधून मालवणी मसाल्याची पुडी काढली,
मॅनीने पाहिलंच नाही असं दाखवलं.

आणि दांडेकर म्हणाले,
पण कणसं ह्याच खड्ड्यातली ना?
मासे खाली, कणसं वर. वाफ एकच.
वाफ धरायची का?

हातातली कणसं हातातच राहिली.
कुणी मावशीला फोन लावायला निघालं,
तिकडे रात्रीचा दीड वाजला होता.
मॅनी आपला चिमटा धरून उभा,
ह्या लोकांचं नेमकं काय बिघडलं ते बघत.

वाफेला कसला आलाय महिना,
गाडीपाशून आवाज आला.
भावजी चालत आले, टोपलीतलं कणीस उचललं,
सोलायला गेले आणि हात भाजला.
ह्यांनी आपल्या ग्लासातला बर्फाचा खडा
त्यांच्या तळव्यावर ठेवला.
दोघं त्या खड्याकडेच बघत राहिले,
तो विरघळून मनगटावरून ओघळेपर्यंत.
मग बाकीच्यांनी कणसं सोलली.
दांडेकरांनी तीन खाल्ली.

डोकी भरली चौऱ्याहत्तर. चार लॉबस्टर तरीही उरले,
एकवीस जणांच्या कृपेने.
भावजी म्हणाले, दोन दे बांधून,
फ्रीजरमध्ये ठेवतो. गणपती झाले की.
मी स्टीलचा मोठा डबा काढला, झाकण दाबून लावलं.
डबा परत हवाय, म्हटलं.
आणि रिकामा नको.